महामार्गावरचा तालुका: मुक्ताईनगर परिसरातील अपघात आणि ते टाळण्याच्या वाटा

मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद, हा महामार्गावर वसलेला तालुका. सुरतेहून निघून धुळे, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे आणि पुढे कोलकात्याला जाणारा जुना सहा क्रमांकाचा महामार्ग इथून जातो. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. उत्तरेला बऱ्हाणपूर-इंदूरची वाट, दक्षिणेला बोदवड-जामनेरची. केळीचे ट्रक, कापूस आणि मक्याच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडची अवजड वाहने, वाळूचे डंपर, एसटी, खासगी बसगाड्या, बाजाराला निघालेल्या दुचाक्या आणि कोथळी-चांगदेवच्या दर्शनाला पायी निघालेले वारकरी, हे सगळे याच रस्त्यांवर एकत्र येतात.

गेल्या काही वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या या महामार्गाचे मोठे टप्पे चौपदरी झाले. तरसोद ते चिखली हा मुक्ताईनगरमधून जाणारा टप्पा त्यातलाच. प्रवासाचा वेळ वाचला, गाड्यांची मोडतोड कमी झाली, शेतमाल लवकर पोचू लागला. पण रस्त्याच्या कडेचे जगणे होते तसेच राहिले. शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. शाळा पलीकडे, बसथांबा अलीकडे. बैल अजून त्याच चालीने चालतात आणि फाट्यावर उतरलेली म्हातारी त्याच पावलांनी रस्ता ओलांडते. रस्त्याचा वेग वाढला, गावाचा वाढला नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या अपघातांचे मूळ या तफावतीत आहे. म्हणून सुरक्षित वाहन चालवण्याचा विचार करताना वाहतुकीच्या नियमांची यादी पाठ करून भागत नाही. आपल्या रस्त्यावर नेमके काय घडते ते आधी पाहावे लागते.

गेल्या काही वर्षांची नोंद

२ फेब्रुवारी २०२० च्या रात्री चोपड्याहून लग्नसमारंभ आटोपून मुक्ताईनगर तालुक्यातल्या चिंचोलकडे परतणाऱ्या क्रूझर गाडीची आणि डंपरची यावल तालुक्यात हिंगोण्याजवळ धडक झाली. किमान १० जण गेले. त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी २०२१ च्या मध्यात, त्याच यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक मध्यरात्री उलटला. ट्रकमध्ये रावेर परिसरातले मजूर होते. किमान १५ जणांचा मृत्यू झाला, त्यात स्त्रिया आणि मुलेही होती.

धुळे जिल्ह्यात १८ ऑगस्ट २०१९ च्या रात्री शहाद्याकडे जाणारी एसटी बस आणि कंटेनर यांची निमगूळजवळ टक्कर होऊन किमान १३ जण मरण पावले. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर इथे एक कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० जण गेले. त्याचे ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि किमान १२ जण बुडाले.

मुक्ताईनगरच्या पूर्वेला, बुलढाणा जिल्ह्यातही हाच महामार्ग आहे. २९ जुलै २०२३ च्या पहाटे मलकापूरला दोन खासगी बसगाड्या एकमेकींवर आदळून ६ जण गेले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नांदुऱ्याजवळ वडनेर भोलजी इथे रस्त्याच्या कामावरचे मजूर कडेला झोपले असताना त्यांच्यावर पहाटे ट्रक गेला.

या सगळ्या घटना शेजारी मांडल्या की काही गोष्टी ठळकपणे दिसतात. बहुतेक अपघात रात्रीचे किंवा पहाटेचे आहेत. बहुतेकांत एक बाजू अवजड वाहनाची आहे. मेलेल्यांत मजूर, वऱ्हाडी आणि साधे प्रवासी आहेत, स्वतः स्टिअरिंग न धरलेले लोक. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वेग, झोप, ब्रेक, गर्दी, अंधार यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच क्षणी जमून आल्या आहेत. त्यातली एक जरी वेळेवर दूर झाली असती तर अपघात टळला असता, किंवा निदान इतकी माणसे गेली नसती.

मोठ्या अपघातांची बातमी होते. फाट्यावर दुचाकीवरून पडून गेलेल्या एकट्या माणसाची होत नाही. देशाची बेरीज मात्र अशा एकेकट्या मृत्यूंनीच होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. महाराष्ट्रातला आकडा १५ हजारांच्या वर होता. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यूंत त्यांचा वाटा ३६ टक्क्यांहून अधिक. महामार्गाकडेच्या तालुक्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वेगाचे गणित

त्याच अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. आणखी एक नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुमारे दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले. ‘रस्ता वाकडा होता’ ही सबब आपण सहज देतो, पण माणूस बेसावध होतो तो सरळ, मोकळ्या रस्त्यावर.

समोर अचानक काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाऊन गाडी थांबेपर्यंत किती अंतर लागते ते पाहू. डोळ्याने पाहणे, मेंदूने ओळखणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांत सावध माणसाचाही दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगात या दीड सेकंदात गाडी २५ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी सुमारे २० मीटर घेते. एकूण ४५ मीटर. ताशी ८० ला हेच अंतर ७० मीटरच्या घरात जाते आणि ताशी १०० ला सुमारे १०० मीटर होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागते, ओल्या रस्त्यावर सगळ्यांनाच जास्त लागते.

डिपर दिव्याचा उजेड साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतच नीट पडतो. म्हणजे रात्री डिपरवर ताशी ८० ने जाणारा चालक जे दिसेल त्याच्यापाशी थांबू शकत नाही. न दिसणाऱ्या रस्त्यावर तो भरवशाने चालला आहे. केळीची रिकामी ट्रॉली, बसलेली गाय किंवा बंद पडलेला ट्रक त्या अंधारात असेल तर पुढचे सांगायला नको. रात्रीचा वेग दिव्याच्या उजेडाने ठरवावा. गाडीची ताकद तिथे उपयोगाची नाही.

दुपदरी रस्त्यांवर ओव्हरटेकचे गणित याहून कठीण. यावल-फैजपूर-रावेर पट्ट्यातल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी ताशी ८० ने गाड्या येत असतील तर त्या एकमेकींकडे सेकंदाला सुमारे ४४ मीटरने सरकतात. लांब ट्रकला मागे टाकायला आठ ते दहा सेकंद लागतात. तेवढ्यासाठी समोर साडेतीनशे ते साडेचारशे मीटर रस्ता पूर्ण रिकामा दिसायला हवा. वळणावर, चढावर, पुलावर, मोरीजवळ किंवा समोरच्या गाडीच्या धुरळ्यात तो तसा दिसत नाही. ‘निघून जाईल’ एवढ्यावर ओव्हरटेक करायचा नसतो.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींसाठी ताशी १००, मालवाहू गाड्या आणि दुचाकींसाठी ८० ही कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा मोकळ्या, कोरड्या, उजेडातल्या रस्त्यासाठीची. गावाजवळ, फाट्यावर, शाळेपाशी तिथल्या पाटीवरचा आकडा पाळायचा, आणि पाटी नसली तरी पाय आपोआप सैल व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते. उलट बाजूने वाचले तर हे दिलासा देणारे आहे. थोडासा वेग कमी केल्याने पुष्कळ जीव वाचतात. मुक्ताईनगर ते जळगाव या प्रवासात ८० ऐवजी ७० ने गेले तर पाच-सात मिनिटे उशीर होतो, इतकेच.

रात्र, झोप आणि उभ्या गाड्या

खानदेशात मार्च संपला की दिवसा प्रवास नको होतो. पारा ४५ च्या आसपास गेला की माणसे रात्री निघतात, पहाटे पोचतात. केळीसारखा नाशवंत माल दिल्ली-पंजाबकडे न्यायचा म्हणजे ट्रक थांबवून चालत नाही, असे मालकही सांगतो आणि व्यापारीही. त्यामुळे रात्रीची वाहतूक ही आपल्याकडची सोय नसून गरज झाली आहे. तिची किंमत झोपेतून वसूल होते.

रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत शरीर झोप मागतेच. चहा, तंबाखू, गाणी, काच खाली करून घेतलेला वारा यांनी ती लांबत नाही. डुलकी दोन-तीन सेकंदांची असते, पण ताशी ८० ने तेवढ्यात गाडी पन्नास-साठ मीटर चालकाविना जाते. जांभया वाढल्या, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनात, गाडी पट्टा सोडू लागली, की पंप किंवा ढाब्याच्या आवारात, महामार्गापासून आत गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपणे हा एकच उपाय. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ ने व्यावसायिक चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे ठरवले आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली. लांब पल्ल्याला दुसरा चालक न देता ‘सकाळी माल पोचलाच पाहिजे’ म्हणणारा मालक त्या अपघातात चालकाइतकाच भागीदार असतो.

कुटुंबांनाही हे लागू आहे. दिवसभर लग्नात राबलेल्या भाच्याला किंवा पुतण्याला ‘चल, रात्रीच निघून जाऊ’ म्हणून गाडीवर बसवणे बंद झाले पाहिजे. लग्नघरात एक रात्र मुक्काम वाढला तर यजमानाला ओझे होत नाही. मोठ्या माणसांनी हा शब्द आधी उच्चारावा, म्हणजे तरुणाला ‘मला झोप येते’ म्हणायची लाज वाटत नाही.

अंधारातला दुसरा धोका उभ्या गाडीचा. टायर फुटला, ॲक्सल तुटला, डिझेल संपले की ट्रक होता तिथेच थांबतो आणि मागे दोन दगड ठेवले जातात. दगड रात्री दिसत नाहीत, उलट ट्रक निघून गेल्यावरही ते रस्त्यावर राहतात आणि पुढच्या दुचाकीचा घात करतात. बंद गाडी शक्य तितकी डाव्या कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, निदान पन्नास पावले मागे चमकणारा त्रिकोण ठेवावा आणि माणसांनी रस्त्याच्या बाहेर उभे राहावे. महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. तिथे कळवले की गस्तीची गाडी येऊ शकते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा प्रश्न तर हंगामागणिक परत येतो. ऊस, कापूस, केळी, मुरूम भरलेली ट्रॉली रात्री मागून ओळखूच येत नाही. दिवे नसतात, असले तर मालाखाली झाकलेले असतात. काही रुपयांची लाल परावर्तक पट्टी मागच्या फळकुटावर आणि दोन्ही बाजूंना लावली तर मोटारीच्या उजेडात ती दुरून चमकते. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना किंवा गणेश मंडळ, कुणीही एका दिवसात गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना त्या लावू शकते.

दुचाकी: सर्वात उघडा प्रवासी

२०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसल्यामुळे ५०,०२९ जणांचा जीव गेला आणि त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागत नाही हा समज किती महाग पडतो ते या आकड्यात दिसते. आपल्याकडे मागे बहुधा बायको, आई किंवा मूल बसलेले असते. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे.

‘गावातल्या गावात कशाला’ हा नेहमीचा प्रश्न. पण शेत आणि गाव यांच्या मधून महामार्ग जात असेल तर गावातल्या गावात असे काही उरत नाही. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे, हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. आरशाला लटकवलेले हेल्मेट पोलिसाला दाखवण्यापुरतेच असते. उन्हाळ्यात डोके तापते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी आतून सुती रुमाल बांधावा, हवा खेळणारे हेल्मेट घ्यावे, दुपारचा प्रवास टाळावा.

चौपदरी रस्त्यामुळे एक नवी सवय वाढली आहे, उलट्या दिशेने चालण्याची. दुभाजकातली वाट लांब पडते म्हणून शेतकरी, विद्यार्थी, दूधवाले कडेकडेने विरुद्ध येतात. समोरून ताशी १०० ने येणाऱ्या चालकाला तिथे दुचाकीची अपेक्षाच नसते. दोन किलोमीटरचा वळसा वाचवण्यासाठी घेतलेली ही जोखीम घरच्यांना परवडणारी नाही. तीन सिटांनी जाणे, कानाला फोन लावून किंवा खांदा आणि मान यांत तो दाबून गाडी चालवणे, फाट्यावरून महामार्गावर चढताना न थांबता घुसणे, यांचाही हिशेब तसाच आहे. फोनवर बोलणाऱ्या चालकाच्या अपघाताची शक्यता सुमारे चौपट असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मुलांच्या हाती गाडी देण्याबद्दल मोटार वाहन कायदा २०१९ च्या दुरुस्तीने फार कडक केला आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून गाडी घेऊन देणाऱ्या बापाने हे एकदा वाचावे.

मालाच्या गाडीतली माणसे, मागच्या सीटवरची माणसे

किनगावजवळच्या अपघातातले मजूर मालावर बसून का निघाले होते याचे उत्तर साधे आहे. काम संपले, रात्र झाली, दुसरी गाडी नव्हती. केळी आणि पपईच्या कापणीची टोळी मालासोबतच जाते-येते. पिकअप, छोटा हत्ती, ट्रॉली यांत उभ्याने माणसे नेणे बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असते. पण मजुराला ‘बसू नको’ म्हणून प्रश्न सुटत नाही. ज्याच्या बागेत किंवा ज्याच्या मालासाठी टोळी आली, त्याने तिच्या परतीची बसायची गाडी ठरवली पाहिजे, आणि तो खर्च मजुरीत धरला पाहिजे.

वऱ्हाडाच्या गाड्यांचेही तेच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला आणि लग्नसराईत क्रूझरमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसतात. गाडी जड झाली की ब्रेक उशिरा लागतो, वळणावर तोल जातो आणि धडकेत आतली माणसे एकमेकांवर आदळतात. सीट बेल्टबद्दल आपण अजून चालकापुरताच विचार करतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या सीटवर, बेल्ट न लावता बसले होते. गाडी कितीही भारी असो, न बांधलेला माणूस गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो. बेल्टने मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत खाली येतो.

पायी चालणारे आणि वारी

मुक्ताईनगरची ओळखच पायी चालण्याशी जोडलेली आहे. ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते आणि ती राज्यातल्या सर्वात लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक आहे. महाशिवरात्रीच्या सुमाराला खानदेश, विदर्भ आणि बऱ्हाणपूर भागातून दिंड्या इथे येतात. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोल्याजवळ जुनोनीला कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिंडीत मोटार घुसून ७ वारकरी गेले. तशी वेळ आपल्याकडे येऊ नये म्हणून काही गोष्टी आधी ठरवता येतात. दिंडीच्या मागे-पुढे चमकणारे जाकीट घातलेले आणि रात्री लाल दिवा घेतलेले चार जण. अंधार पडल्यावर महामार्गावर चालायचे नाही असा दिंडीप्रमुखांचा ठाम नियम. यात्रेच्या दिवसांत अवजड वाहतूक वळवण्याचा पोलिसांचा आदेश. आणि चालकांनी भगवी पताका दिसली की वेग निम्मा करायचा, कर्णकर्कश हॉर्न द्यायचा नाही.

गाडीची प्रकृती

खानदेशातला उन्हाळा टायरची परीक्षा घेतो. टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजू सतत दुमडतात, आतून तापतात आणि तापलेल्या डांबरावर भर वेगात फुटतात. हवा जास्त भरली तर फुटेल म्हणून मुद्दाम कमी ठेवणे ही चूक आहे. सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी हवा भरावी, महिन्यातून निदान दोनदा तपासावी. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली, बाजूला तडे गेले, फुगवटा आला की टायर बदलावा. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर लावू नये. टायर फुटलाच तर जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग घट्ट धरून, ॲक्सिलरेटर सोडून गाडी हळूहळू डावीकडे घ्यायची.

पळासनेर हे बिजासन घाटाच्या पायथ्याजवळचे गाव. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. घाट ज्या गिअरने चढलो त्याच किंवा खालच्या गिअरने उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम यंत्रशास्त्राच्या कसोटीवरही खरा ठरतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिकट थर तयार होतो. त्या दिवसांत पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट ठेवावे. एरवी पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेल्यावर आपण तिथे पोचायला किमान दोन सेकंद लागले पाहिजेत.

रस्ता बांधणाऱ्यांचे आणि राखणाऱ्यांचे काम

सगळा दोष चालकावर टाकून यंत्रणेला मोकळे सोडता येत नाही. माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा असतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले त्याचा गाभा हाच. चूक होईल, पण तिची शिक्षा मृत्यू असू नये अशी रचना करा.

आपल्याकडे तीन वर्षांत महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे जागा धोकादायक ठरायला आधी माणसे मरावी लागतात. गावकऱ्यांना मात्र कोणता फाटा घातक आहे हे पहिल्याच वर्षी कळलेले असते. ग्रामसभेने त्याचा ठराव करावा, अपघातांच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे त्या पाठवाव्यात. जळगाव शहरात महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, कारण अजिंठा चौफुलीपासून खोटेनगरपर्यंत शहराची रोजची ये-जा आणि आंतरराज्य ट्रक एकाच पट्ट्यात चालत होते. हरताळे फाटा असो की पुरनाड फाटा, मागणी तीच असते: सेवा रस्ता, भुयारी मार्ग, दिवे, थांब्यासाठी वेगळी जागा, आणि ढाबे-पंपांसाठी दुभाजक फोडून केलेल्या अनधिकृत वाटा बंद करणे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आले आहे. मानकांप्रमाणे रस्ता न बांधल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ठेकेदार आणि जबाबदार यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण जबाबदारी कायद्याने मान्य झाली हे मोठे.

रेल्वे फाटकांचाही विसर पडू नये. मार्च २०२५ मध्ये बोदवडला एक ट्रक बंद फाटक तोडून रुळावर आला आणि अमरावती एक्सप्रेसची त्याला धडक बसली. कुणाचा जीव गेला नाही, पण तो दैवाचा भाग होता.

चालकाच्या बाजूचा राहिलेला मद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यावर दुमत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना गाडी चालवणे हा गुन्हा, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. ज्याने घेतली आहे त्याच्या हातून किल्ली काढून घेणे हे मित्राचे काम आहे.

अपघातानंतरचा पहिला तास

मुक्ताईनगरहून भुसावळ सुमारे तीस किलोमीटर, जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळपास दुप्पट. या अंतरात गंभीर जखमीचा पहिला तास संपू शकतो. म्हणून अपघात पाहणाऱ्याने पहिला फोन १०८ ला करायचा, पोलिसांसाठी ११२ ला. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे. मान आणि पाठ वाकवायची नाही, आग किंवा दुसऱ्या धडकेची भीती नसेल तर जखमीला उगाच ओढायचे नाही, पाणी पाजायचे नाही.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने लोक पुढे होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ च्या निकालात मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि पुढे मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची, साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, दवाखान्यात त्याला अडवून ठेवता येत नाही. केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेत गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला २५ हजार रुपयांचे बक्षीस आहे. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांची योजनाही अधिसूचित झाली. या तरतुदी गावोगावी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिल्या गेल्या पाहिजेत.

जिथे जमले, तिथे कसे जमले

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे गेली होती. पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ यांनी एकेक धोक्याची जागा पाहून कठडे बसवले, कडेला उभ्या गाड्या हटवल्या, वेगावर नजर ठेवली, रुग्णवाहिका लवकर पोचेल अशी सोय केली. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. तामिळनाडूत २०१६ मध्ये १७,२१८ मृत्यू होते, २०१९ मध्ये ते १०,५२५ वर आले. दोन्हीकडे काही चमत्कार झाला नाही. अपघाताची प्रत्येक जागा तपासली गेली, जबाबदारी नेमून दिली गेली आणि काम मध्येच सोडले गेले नाही.

मुक्ताईनगर तालुक्यालाही हे जमण्यासारखे आहे. तहसीलदार, पोलीस ठाणे, महामार्ग प्राधिकरण, केळी व्यापारी, ट्रकमालक, शाळा आणि दिंडीप्रमुख यांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावे, गेल्या सहा महिन्यांतला प्रत्येक मृत्यू कुठे आणि कशाने झाला ते पाहावे, आणि पुढच्या बैठकीपर्यंत तिथे काय बदलले ते जाहीर सांगावे.

तोवर वाचकाने स्वतःपुरते करायचे ते आजच सुरू होऊ शकते. हेल्मेट दोघांनी घाला, बेल्ट सगळ्यांनी लावा. रात्री उजेडापुरताच वेग ठेवा. झोप आली की थांबा. उलट्या दिशेने जाऊ नका. ट्रॉलीला पट्टी लावा. मजुरांना बसायची गाडी द्या. मुलाच्या हाती किल्ली देण्याआधी त्याचा परवाना पाहा. आणि फाट्यावर कुणी रस्ता ओलांडताना दिसला तर ब्रेकवर पाय ठेवा, तो तुमच्याच तालुक्यातला कुणीतरी आहे.